देवाला मराठीत हाक मारणारे फादर थॉमस स्टीफन्स

पुण्यातील एखाद्या धर्मग्रामात रविवारच्या मराठी मिस्साबलिदानात आपण सहभागी होतो, तेव्हा तासाभरात देवाला किती नावांनी हाक मारतो, याची मोजदाद आपण सहसा ठेवीत नाही. देव, परमेश्वर, प्रभू, पिता, स्वामी, तारणारा हे शब्द आपल्या ओठांवर अगदी सहज येतात. त्यामुळे ते कोणीतरी, कधीतरी, पुष्कळ विचारांती निवडले असतील हे ध्यानातही येत नाही. परंतु येशू ख्रिस्ताचे शुभवर्तमान जेव्हा प्रथम या भूमीत आले, तेव्हा देवाला येथल्या भाषेत काय म्हणावे, हा मोठा प्रश्न होता. जुना शब्द घ्यावा तर त्याबरोबर जुना अर्थ येतो. परका शब्द आणावा तर प्रार्थना ओठांवर राहते, अंतःकरणात उतरत नाही. या प्रश्नाला मराठीत ज्यांनी आपल्या आयुष्याची चाळीस वर्षे वेचून उत्तर दिले, ते येशूसंघीय धर्मगुरू म्हणजे ‘ख्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स. त्यांचे हे जीवनचरित्र आपल्या दररोजच्या प्रार्थनेशी निगडित आहे.

जन्म आणि उपासनेच्या भाषेचा संघर्ष

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातील बुश्टन या गावी १५४९ च्या सुमारास झाला. हे साल ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये राजसत्तेने कायदा करून लॅटिन मिस्सा बंद केली आणि इंग्रजी प्रार्थनापुस्तक सर्व चर्चमध्ये सक्तीचे केले. कॉर्नवॉल प्रांतातील कित्येक लोकांना तर इंग्रजीही समजत नव्हती. तेथे व शेजारच्या डेव्हनमध्ये या पुस्तकाविरुद्ध उठाव झाला आणि तो शस्त्रबळाने मोडून काढण्यात आला. १५५३ साली राणी मेरी गादीवर आल्यावर लॅटिन परत आली. १५५९ साली राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीत ती पुन्हा गेली. थॉमस दहा वर्षांचे होईपर्यंत त्यांच्या देशातील उपासनेची भाषा राजाज्ञेने तीनदा बदलली होती. देवाला कोणत्या भाषेत हाक मारावी यासाठी माणसे प्राण देतात आणि घेतातही, हे या मुलाने आपल्या घराच्या उंबरठ्यावरूनच पाहिले असले पाहिजे.

तरुणपणी थॉमस यांचा थॉमस पाउंड नावाच्या एका श्रद्धावंत कॅथलिक सरदारपुत्राशी स्नेह जडला. त्या काळात कॅथलिक श्रद्धा उघडपणे पाळणे धोक्याचे होते. म्हणून थॉमस यांनी या मित्राबरोबर सुमारे दोन वर्षे त्याच्या सेवकाच्या वेषात प्रवास केला. येशूसंघात प्रवेश घ्यावा अशी दोघांचीही इच्छा होती. पाउंड पकडले गेले आणि पुढे त्यांच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत गेली. थॉमस मात्र रोमला पोहोचले आणि १५७५ च्या ऑक्टोबरमध्ये येशूसंघात दाखल झाले. मायदेशाचे दार बंद झाले होते. त्यांनी पूर्वेकडच्या मिशनकार्यासाठी जाण्याची तयारी दर्शवली.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून त्यांचे जहाज निघाले आणि साडेसहा महिन्यांच्या प्रवासानंतर २४ ऑक्टोबर रोजी गोव्याला लागले. या प्रवासाचे वर्णन करणारे एक पत्र त्यांनी आपल्या वडिलांना लिहिले. ते पुढे इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाले आणि समुद्रमार्गाने भारताकडे पाहणाऱ्या इंग्रजांना ते उपयोगी पडले. भारतात दीर्घकाळ वास्तव्य केलेले पहिले ज्ञात इंग्रज म्हणूनही इतिहासात फादर स्टीफन्स यांचे नाव घेतले जाते.

साष्टीतील कार्य

फादर स्टीफन्स यांच्या आयुष्याचा बहुतेक काळ गोव्याच्या दक्षिणेकडील साष्टी महालात गेला. मडगाव, राशोल, बाणावली, नावेली या परिसरात त्यांनी धर्मगुरू म्हणून सेवा केली. काही काळ तेथील येशूसंघीय महाविद्यालयाचे ते प्रमुखही होते. साष्टीचे वातावरण शांत नव्हते. १५६७ साली पोर्तुगीज कप्तानाच्या हुकमाने तेथील सुमारे २८० देवळे पाडण्यात आली होती. लोकांच्या मनातील जखम ओली होती. २५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळी येथे फादर रुदोल्फ आक्वाव्हिवा आणि त्यांचे चार येशूसंघीय सोबती यांची हत्या झाली. हे फादर रुदोल्फ म्हणजे अकबर बादशहाच्या दरबारी गेलेल्या पहिल्या येशूसंघीय मंडळाचे प्रमुख होते. या हुतात्म्यांचे देह ताब्यात घेण्याच्या कामी फादर स्टीफन्स यांनी पुढाकार घेतला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आदी इंग्रज व्यापारी गोव्यात कैदेत पडले, तेव्हा त्यांची जामिनावर सुटका करविण्यासाठी फादर स्टीफन्स यांनीच धावपळ केली. हे व्यापारी त्यांच्या पंथाचे नव्हते, तरीही त्यांनी हात आखडता घेतला नाही.

अशा या भूमीत लोकांना देवाविषयी सांगायचे होते. एकीकडे राजसत्तेची तलवार होती आणि दुसरीकडे दुखावलेली मने होती. या दोहोंच्या मध्ये उभे राहून फादर स्टीफन्स यांनी भाषेचा मार्ग निवडला.

देवाचे नाव : त्या काळाचा मोठा प्रश्न

देवाला काय म्हणावे हा प्रश्न एकट्या साष्टीपुरता नव्हता. आशियाभर गेलेल्या प्रत्येक मिशनऱ्यापुढे तो होता. संत फ्रान्सिस झेवियर १५४९ साली जपानला पोहोचले. त्यांच्या जपानी सोबत्याच्या सल्ल्यावरून त्यांनी देवासाठी ‘दाइनिची’ हा तेथील प्रचलित शब्द वापरला. काही काळाने त्यांच्या लक्षात आले की, तो एका बौद्ध पंथातील बुद्धाच्या रूपाचे नाव आहे आणि लोक आपले बोलणे भलत्याच अर्थाने घेत आहेत. १५५१ साली त्यांनी तो शब्द सोडला आणि ‘देउस’ हा लॅटिन शब्दच जपानी भाषेत आणला. गैरसमज टळला, पण देवाचे नाव परदेशी झाले.

तामिळनाडूच्या किनाऱ्यावर फादर हेन्रिक हेन्रिक्स यांनी दुसरी वाट धरली. त्यांनी १५७८ साली कोल्लम येथे तमिळ लिपीत छापलेल्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकाच्या नावातच देवासाठी ‘तंबिरान’, म्हणजे स्वामी, हा तमिळ शब्द योजला. पुढे मदुराईला फादर रॉबर्ट दी नोबिली यांनी ‘सर्वेश्वर’ हा शब्द पसंत केला. आपल्या पुण्यातील दी नोबिली कॉलेज याच फादरांच्या नावाने ओळखले जाते. चीनमध्ये फादर मात्तेओ रिची व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘थ्येनचू’, म्हणजे स्वर्गाचा स्वामी, हा शब्द रूढ केला. हे फादर रिची १५७८ ते १५८२ या काळात भारतात, बहुतांशी गोव्यातच होते. म्हणजे फादर स्टीफन्स गोव्यात उतरले तेव्हा चीनचा हा भावी प्रेषित भारतातच होता. देवासाठी कोणते चिनी शब्द चालतील, यावर पुढे शंभर वर्षे वाद चालला आणि अखेरीस १७१५ साली पोप अकरावे क्लेमेंट यांनी केवळ ‘थ्येनचू’ हाच शब्द ग्राह्य ठरवला. एका शब्दासाठी थेट पोपमहोदयांपर्यंत दाद मागितली गेली, यावरून या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी यावे.

भाषेचा अभ्यास

फादर स्टीफन्स यांनी साष्टीची बोली, म्हणजे कोकणी, आणि ग्रंथांची भाषा मराठी या दोन्ही आत्मसात केल्या. १५८३ साली पॅरिसमधील आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती असल्याचे नमूद केले. सर विल्यम जोन्स यांनी कोलकात्यात संस्कृत व ग्रीक-लॅटिन यांच्या नात्याचे सुप्रसिद्ध प्रतिपादन १७८६ साली केले. त्याच्या दोनशे वर्षे आधी साष्टीतील एका धर्मगुरूच्या हे लक्षात आले होते.

त्यांनी कोकणी भाषेचे व्याकरण लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली राशोल येथे छापले गेले. धर्मशिक्षणासाठी त्यांनी कोकणीत प्रश्नोत्तररूप पुस्तक तयार केले, ते १६२२ साली प्रसिद्ध झाले. बालकांना व साध्यासुध्या भाविकांना क्रूसाची खूण, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना, श्रद्धांगीकार आणि दहा आज्ञा त्यांच्या स्वतःच्या बोलीत शिकवाव्यात, हा त्यामागील हेतू होता. परंतु त्यांचे खरे जीवनकार्य याहून मोठे होते.

ख्रिस्तपुराणाचा जन्म

ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच फादर स्टीफन्स यांनी या ग्रंथाचे निमित्त सांगितले आहे. नवख्रिस्ती लोकांमधील एका ब्राह्मणाने पाद्रींना विचारले की, आमची जुनी पुराणे तर आपण बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरी पुराणे का देत नाही? हा प्रश्न साधा नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या संध्याकाळी एकत्र बसून ओव्या ऐकणाऱ्या आणि देवाच्या कथा गाणाऱ्या समाजाच्या तोंडचे गाणेच काढून घेण्यात आले होते. रिकाम्या झालेल्या त्या ओठांना फक्त पाठ केलेली प्रश्नोत्तरे पुरणार नव्हती.

फादर स्टीफन्स यांनी या मागणीचा मान राखला. त्यांनी ओवी हा छंद निवडला. ज्ञानेश्वरीची ओवी त्या वेळी तीनशे वर्षांची जुनी परंपरा झाली होती आणि संत एकनाथांचे भागवत १५७३ साली पुरे झाले होते. ओवीतून सांगितलेली कथा मराठी माणसाच्या कानात मुरते, हे फादरांनी ओळखले. जगाच्या उत्पत्तीपासून मसीहाच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा ‘पहिले पुराण’ या भागात आणि येशू ख्रिस्ताच्या जन्मापासून स्वर्गारोहणापर्यंतची कथा ‘दुसरे पुराण’ या भागात त्यांनी सांगितली. दोन्ही मिळून ९५ अवस्वर, म्हणजे अध्याय, आणि सुमारे ११,००० ओव्या झाल्या. मराठी भाषेच्या सौंदर्याची स्तुती करणाऱ्या त्यातील ओव्या आजही आपल्या शाळा-महाविद्यालयांतून शिकवल्या जातात. निवळ ग्रांथिक मराठी सामान्य लोकांना कळणार नाही, म्हणून आपण तीत बोलीचे शब्द मिसळले आहेत, असा खुलासाही त्यांनी आपल्या गद्य प्रस्तावनेत केला आहे. विद्वानांची शाबासकी मिळवण्यापेक्षा साध्या भाविकाला समजणे त्यांना महत्त्वाचे वाटत होते.

१६१६ साली राशोल येथे हा ग्रंथ छापला गेला. भाषा मराठी, पण लिपी मात्र रोमन होती. देवनागरी अक्षरे, काना-मात्रा आणि जोडाक्षरे यांसाठी शेकडो खिळे पाडावे लागतात, आणि गोव्यातील छापखान्यात ती सोय नव्हती. ही अडचण फादरांनी १६०८ साली रोममधील आपल्या वरिष्ठांनाही कळवली होती. तरीही लोकांनी हा ग्रंथ आपलासा केला. १६४९ आणि १६५४ साली त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या.

देवाला त्यांनी कोणत्या नावांनी हाक मारली?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मराठी ग्रंथकारांच्या रीतीप्रमाणे ख्रिस्तपुराणाची सुरुवात नमनाने होते. अगदी पहिल्याच ओवीत फादर स्टीफन्स यांनी देवाला देव, बाप आणि परमेश्वर या तिन्ही नावांनी संबोधले आहे. तो विश्व भरून राहिलेला आहे, सर्वसमर्थ आहे, सत्यवंत आहे आणि स्वर्ग व पृथ्वी यांची रचना करणारा आहे, असे त्याचे वर्णन केले आहे. आपला श्रद्धांगीकार ज्या वाक्याने सुरू होतो ते वाक्य या ओवीशेजारी ठेवून पाहावे. सर्वसमर्थ पिता आणि स्वर्ग-पृथ्वीचा निर्माणकर्ता हेच ते विश्वासाचे पहिले कलम. फादरांनी ते मराठी नमनाच्या घाटात बसवले. ऐकणाऱ्याला वाटावे की, आपल्या ओळखीच्या रीतीने ग्रंथ सुरू झाला, आणि त्याच क्षणी तो ख्रिस्तसभेच्या श्रद्धेचा उच्चार ऐकत असावा, अशी ही योजना आहे.

‘देव’ आणि ‘परमेश्वर’ हे शब्द घेण्यात जोखीम होती. ज्या देवळांची पूजा नुकतीच बंद झाली होती, त्या देवळांतही हेच शब्द उच्चारले जात होते. स्वर्गासाठी त्यांनी ‘वैकुंठ’ हा शब्द घेतला, तारणासाठी ‘मुक्ती’ व ‘मोक्ष’ हे शब्द घेतले. यांपैकी प्रत्येक शब्दाला आधीचा अर्थ चिकटलेला होता. तरीही त्यांनी ते टाळले नाहीत. मात्र सर्वच शब्द त्यांनी मराठीतून घेतले असेही नाही. रोमन लिपीतील ग्रंथात पवित्र आत्म्यासाठी ‘स्पिरितु सांतु’ हाच शब्द येतो. क्रूस, ख्रिस्तमंदिर आणि धर्मसंस्कार यांच्याशी निगडित असे बरेच शब्दही पोर्तुगीजच आहेत. येशूचे नावही पोर्तुगीज उच्चाराच्या वळणाने ‘जेजू’ असे येते. कोकणी भाविक आजही तोच उच्चार करतात.

ही निवड सहजगत्या झालेली दिसत नाही. जो देव सर्वांचा पिता आहे, त्याला हाक मारण्यासाठी लोकांच्या तोंडचा शब्दच हवा. जे नाते प्रत्येक माणसाचे आहे, त्याला परके नाव शोभत नाही. ‘आत्मा’ या शब्दाची गोष्ट वेगळी होती. जीवात्मा व परमात्मा एकच, असा वेदान्ताचा अर्थ त्या शब्दात खोलवर भरलेला होता. तेथे गोंधळाची शक्यता अधिक होती. म्हणून तेथे परका शब्द परवडला, असा फादरांचा विचार असावा. संत झेवियर यांना जपानमध्ये आलेला अनुभव येशूसंघात सर्वांना ठाऊक होता. त्यातून सर्वच स्थानिक शब्द टाकून द्यावेत, असा निष्कर्ष फादर स्टीफन्स यांनी काढला नाही.

मग जुन्या शब्दांतील जुन्या अर्थाचे काय? याचे फादर स्टीफन्स यांनी दिलेले उत्तर त्यांच्या ग्रंथाच्या लांबीतच दडलेले आहे. शब्दाला अर्थ व्याख्येने येत नाही, कथेने येतो. ‘परमेश्वर’ म्हणजे कोण, हे त्यांनी एका वाक्यात सांगितले नाही. ज्याने मातीपासून माणूस घडविला, आदाम चुकला तरी त्याला टाकले नाही, नोहाला तारवात जपले, अब्राहामाला वचन दिले, आपल्या लोकांना गुलामीतून बाहेर काढले आणि अखेरीस बेथलेहेमच्या गोठ्यात बालक होऊन आला, तो परमेश्वर. अकरा हजार ओव्या ऐकल्यानंतर श्रोत्याच्या मनात ‘परमेश्वर’ हा शब्द उच्चारताच ही कथा उभी राहत असे. शब्द जुना राहिला, पण त्याला नवा इतिहास मिळाला. भाषेवर आणि लोकांवर एवढा विश्वास टाकणे, हे त्या काळात धैर्याचे काम होते.

प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की, फादर स्टीफन्स हे आपल्या काळाचेच अपत्य होते. येथील जुन्या देवदेवतांविषयी त्यांच्या ग्रंथात कठोर शब्द आहेत. आज ख्रिस्तसभा इतर धर्मांतील सत्य आणि पावित्र्य यांचा आदर करावयास शिकवते. तो दृष्टिकोन द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट शब्दांत मांडला. सोळाव्या शतकातील धर्मगुरूकडून आपण त्याची अपेक्षा करू शकत नाही. परंतु ज्या लोकांचे धर्माचार त्यांनी नाकारले, त्यांच्या भाषेचा मात्र त्यांनी मनापासून गौरव केला. पुढील पिढ्यांना मिळालेला ठेवा या गौरवातूनच आला.

मिस्सा लॅटिनमध्ये, गाणे मराठीत

त्या काळी मिस्सा लॅटिनमध्येच होत असे. ट्रेंटच्या परिषदेने १५६२ साली मिस्सा सरसकट लोकभाषेत करण्यास मान्यता दिली नव्हती. मात्र धर्मगुरूंनी मिस्सेतील रहस्यांचे लोकांना समजेल असे विवरण वारंवार करावे, अशी आज्ञाही दिली होती. फादर स्टीफन्स यांनी या आज्ञेतील दुसरा भाग मनावर घेतला. वेदीवर लॅटिन राहिली, पण मिस्सेनंतर ख्रिस्तमंदिरात, सणाच्या दिवशी आणि घराघरांत ख्रिस्तपुराणाच्या ओव्या गाइल्या जाऊ लागल्या. अशा रीतीने उपासनेच्या नियमांना धक्का न लावता देवाचे मराठी नाव लोकांच्या ओठांवर आले.

१६१९ साली, सुमारे सत्तर वर्षांच्या वयात, फादर स्टीफन्स यांनी गोव्यातच देह ठेवला. चाळीस वर्षांत ते मायदेशी एकदाही परतले नाहीत.

बंदी, स्थलांतर आणि पुणे

त्यांच्या मृत्यूनंतर वारे फिरले. २७ जून १६८४ रोजी पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की, गोव्यातील लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. लोकभाषेतील ग्रंथांना आश्रय उरला नाही. फादर स्टीफन्स यांच्या हयातीत त्यांच्या मातृभूमीत जे घडले होते, त्याचीच ही जणू दुसरी आवृत्ती होती. राजसत्तेने पुन्हा एकदा ठरवले की, लोकांनी कोणत्या भाषेत जगावे. ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

तरीही ग्रंथ मेला नाही. गोव्याहून कानडा प्रांतात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो हस्तलिखितांच्या रूपाने आपल्याबरोबर नेला आणि पिढ्यान्‌पिढ्या गाइला. अशाच हस्तलिखितांच्या आधारे जे. एल. सालदान्हा यांनी १९०७ साली मंगळूर येथे त्याची आवृत्ती प्रसिद्ध केली. लंडन येथील मार्सडेन संग्रहात देवनागरी लिपीतील एक हस्तलिखितही आढळले. त्यात पोर्तुगीज शब्दांच्या जागी बरेचदा संस्कृत वळणाचे शब्द दिसतात. म्हणजे कोणत्या शब्दांनी देवाविषयी बोलावे हा विचार या एकाच ग्रंथाच्या दोन परंपरांमध्येही चालू राहिला.

यानंतरचा टप्पा आपल्या पुणे शहराशी जोडलेला आहे. गोमंतकीय ख्रिस्ती लोकांचे पुण्याशी नाते जुने आहे. पेशव्यांच्या सैन्यातील अशा लोकांसाठी, पेशव्यांनीच दिलेल्या जागेवर, १७९२ साली क्वार्टर गेटजवळ सिटी चर्च उभे राहिले. त्यानंतर सुमारे एकशे पासष्ट वर्षांनी, १९५६ साली, शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली ख्रिस्तपुराणाची देवनागरी आवृत्ती पुण्याच्या प्रसाद प्रकाशनाने प्रसिद्ध केली. त्याच्या आदल्याच वर्षी पेपल सेमिनरी श्रीलंकेतील कँडीहून पुण्यास आली होती. फादर स्टीफन्स यांना छापखान्यात जी देवनागरी अक्षरे मिळाली नव्हती, त्याच अक्षरांत त्यांची ओवी पुण्यात छापली गेली. मराठी वाचकांना, ख्रिस्ती असोत वा नसोत, हा ग्रंथ सहज हाती घेता येऊ लागला. पुढे १९९६ साली कॅरिदाद द्रागो यांनी संपादित केलेली आवृत्ती मुंबईत निघाली आणि फादर नेल्सन फाल्काव यांनी आधुनिक मराठी व इंग्रजीत ग्रंथाचा अनुवाद करून तो आजच्या वाचकांपर्यंत पोहोचवला.

आपल्या प्रार्थनेसाठी

४ डिसेंबर १९६३ रोजी द्वितीय व्हॅटिकन परिषदेने पवित्र उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसृत केला आणि मिस्साबलिदानात लोकभाषेचे दार उघडले. त्यानंतर मराठी मिस्सेची भाषा तयार करताना अनुवादकांना शून्यातून आरंभ करावा लागला नाही. ‘परमेश्वर’ हा शब्द ख्रिस्ती प्रार्थनेत साडेतीनशे वर्षांपूर्वीच रुजलेला होता. फादर स्टीफन्स यांनी जेथे ‘स्पिरितु सांतु’ ठेवले, तेथे आज आपण नि:शंकपणे ‘पवित्र आत्मा’ म्हणतो. आपल्याला तो शब्द धोक्याचा वाटत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रवणाने, धर्मशिक्षणाने आणि प्रार्थनेने त्यात ख्रिस्ती अर्थ भरला आहे. फादरांनी ‘परमेश्वर’ या शब्दाबाबत जे साधले, तेच पुढे भाविकांनी ‘आत्मा’ या शब्दाबाबत साधले.

देवाच्या नावाविषयीची ही काळजी ख्रिस्तसभा आजही घेते. २९ जून २००८ रोजी उपासनेविषयीच्या व्हॅटिकन विभागाने जगभरातील धर्माध्यक्षीय परिषदांना पत्र पाठवून कळवले की, जुन्या करारातील देवाचे चार अक्षरी हिब्रू नाव उपासनेत, गीतांत व प्रार्थनांत उच्चारू नये, त्याऐवजी ‘प्रभू’ या अर्थाचा शब्द वापरावा. यहुदी लोक आदरापोटी ते नाव उच्चारीत नाहीत. पहिल्या ख्रिस्ती लोकांनीही त्याच्या जागी ‘प्रभू’ असेच म्हटले, आणि तोच शब्द त्यांनी पुनरुत्थित येशूला लावला. आपण ‘प्रभू येशू’ म्हणतो, तेव्हा येशू देव आहे, अशी ती छोटीशी कबुली असते.

पुण्यातील आपल्या धर्मग्रामांत मराठी, कोकणी, तमिळ, मल्याळम, इंग्रजी अशा अनेक भाषांत प्रार्थना होतात. घरात मुले इंग्रजीत शिकतात, आजी-आजोबा मराठीत रोझरी म्हणतात. अशा वेळी एखाद्या भाषेची मिस्सा कमी दर्जाची मानली जाते, किंवा मुलांना मराठी प्रार्थना शिकवण्याची गरज वाटेनाशी होते. सक्तीने भाषा लादली की काय होते, हे फादर स्टीफन्स यांच्या जन्मभूमीने आणि कर्मभूमीने पाहिले. आज आपल्यावर कोणताही व्हाइसरॉय हुकूम गाजवीत नाही. आपली प्रार्थनेची भाषा आपल्याच दुर्लक्षामुळे हरवली, तर तिला जबाबदार आपणच असू.

ज्या परदेशी धर्मगुरूने आपला देश, आपली माणसे आणि आपली भाषा मागे ठेवून आपल्या भाषेत देवाला हाक मारली, त्याचे ऋण केवळ स्मरणाने फिटणारे नाही. या रविवारी मिस्सेत ‘परमेश्वर’ हा शब्द ओठांवर येईल, तेव्हा क्षणभर थांबून तो अंतःकरणाने उच्चारू या. घरी मुलांना एक तरी प्रार्थना मराठीत शिकवू या, आणि तिच्यातील प्रत्येक शब्दामागची कथाही त्यांना सांगू या. प्रभू परमेश्वर फादर थॉमस स्टीफन्स यांच्या आत्म्यास चिरशांती देवो आणि त्यांच्या परिश्रमांचे फळ आपल्या कुटुंबांत टिकवून ठेवो.